गादीवाल्यांचा धावपटू

संध्याकाळी सगळं घर टीव्हीसमोर बसलं होतं आणि पडद्यावर घरातलाच धाकटा मुलगा मरायला टेकला होता. तोच मुलगा इकडे खुर्चीत चहाचा कप घेऊन बसला होता आणि कोणी काहीतरी बोलेल म्हणून एकेकाच्या तोंडाकडे बघत होता. 

मालिका हॉस्पिटलची होती, रोज लागणारी. दर आठवड्याला नवा पेशंट यायचा आणि तोच तो देखणा डॉक्टर कपाळाला आठ्या घालून त्याचा आजार हुडकून काढायचा. या आठवड्याचा पेशंट लांब पल्ल्याच्या शर्यतीतला धावपटू होता. शेवटची रेघ समोर दिसत असताना तो कोसळतो, तिथून गोष्ट सुरू. पळण्याची दृश्यं एका खऱ्या धावपटूवर लांबून घेतली होती. कोसळल्यानंतरचं सगळं आपल्या या चिरंजीवांच्या वाट्याला आलं होतं. म्हणजे पळाला एक आणि दमला दुसरा.

या चिरंजीवांना घरात हिरो म्हणत. कौतुकाने नव्हे. कॉलेज संपल्यावर त्याने नट व्हायचं जाहीर केलं, त्या दिवशी थोरल्या भावाने, म्हणजे दादाने, हे नाव ठेवलं, आणि ते असं चिकटलं की आता त्याची बायकोसुद्धा फोनवर 'हिरो आंघोळीला गेलेत' असं सांगायची. घराचा धंदा गाद्यांचा. बाबांचं भर बाजारात गाद्या-उशांचं मोठं दुकान, दादा तिथे बसायचा आणि हिरोनेही बसावं अशी बाबांची इच्छा होती. इच्छा कसली, हट्टच. रोजच्या वादाला कंटाळून शेवटी बाबांनी तोड काढली होती. हे धावपटूचं काम बघू. त्यात दम दिसला तर दुकानाचं नाव परत काढणार नाही. नाही दिसला तर मुकाट्याने दादाच्या शेजारी येऊन बसायचं. बाबा शब्दाचे पक्के, त्यामुळे हिरोच्या दृष्टीने आजची संध्याकाळ म्हणजे निकालाचा दिवस होता.

पडद्यावरचा हिरो कण्हला. त्याने चादर मुठीत धरली, खांदा वर उचलला, ओठ दाताखाली दाबला आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. खरं पाणी. भाग संपला, जाहिरात लागली. आईने टीव्ही बंद केला आणि हळूच विचारलं, "तुला काय होतंय रे?"

हिरोने हसून सांगितलं, की मला काही होत नाही, त्या धावपटूला होतंय.

"हा खोटा पडलेला नाही," बाबा म्हणाले.

आता बाबांचं हे बोलणं साधं नव्हतं. गादी विकणारा माणूस गादीकडे बघत नाही, गिऱ्हाइकाकडे बघतो. गिऱ्हाईक दुकानातल्या पलंगावर आडवं झालं, की बाबा त्याच्या पडण्यावरून सांगायचे, तुमची कंबर धरते, तुम्ही उजव्या कुशीवर झोपता, तुम्हाला झोपच लागत नाही. दहातले नऊ जण चपापून हो म्हणायचे. दहावा बायकोकडे बघायचा आणि मग तीच हो म्हणायची.

"माणूस कसा पडलाय त्यावरून कळतं मला," बाबा म्हणाले. "आयुष्य गेलं माझं लोकांना आडवं पडताना बघण्यात. हा कळ सोसतोय."

दादाने आठवण करून दिली, की तो अभिनय करत होता.

"कोण? हा?" बाबा म्हणाले.

आणि तिथेच विषय संपला. कारण हिरोला अभिनय येत नाही, याबद्दल त्या घरात दुमत नव्हतं. शाळा चुकवायला पोटात दुखतंय म्हणायचा तेव्हा हात गुडघ्यावर ठेवायचा. एका मालिकेत त्याने वेटरचं काम केलं होतं, त्यात त्याने कॉफीचा कप असा आणून ठेवला की आता हा कोणीतरी गेल्याची बातमी सांगणार असं वाटावं. तेव्हा सगळं घर पोट धरून हसलं होतं. अशा माणसाला रडणं, कण्हणं इतकं हुबेहूब जमतं, म्हणजे काय समजायचं ते आईने समजून घेतलं आणि पदार्थांतलं तेल-तिखट त्याच रात्रीपासून बंद केलं.

खरं काय ते हिरोला ठाऊक होतं, आणि तेच त्याला कोणाला सांगता येत नव्हतं.

सेटवरचा हॉस्पिटलचा पलंग फक्त दिसायला पलंग होता. वर पांढरीशुभ्र चादर, खाली बोटभर जाडीचं फोम आणि त्याखाली लोखंडी पट्ट्या. त्यातली एक पट्टी सुटून वर आली होती, ती बरोबर खांद्याच्या पात्याखाली घुसायची. पहिल्यांदा हिरो त्यावर पडला आणि अंगातून जी कळ गेली, तिच्यात त्याचा चेहरा आपोआप वेडावाकडा झाला. तो उठून तक्रार करणार, तेवढ्यात दिग्दर्शक खुर्चीतून उभा राहून 'वा' म्हणाला. हिरोला आजवर कोणी वा म्हटलं नव्हतं. त्याने तक्रार गिळली. नंतर सेटवरचा सुतार पलंग ठोकायला आला तर यानेच त्याला हातापाया पडून परत पाठवला. दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच पट्टीवर, आणि या वेळी तर त्याने जागा नीट चाचपून पाठ टेकवली.

आता हे घरी सांगितलं तर आजार खोटा ठरत होता, पण त्याबरोबर अभिनयही खोटा ठरत होता. मग दुकान. न सांगावं तर तो आजारी ठरत होता. हिरोने विचार केला, की आजारी तर आजारी. चार दिवस पथ्याचं जेवू, तपासण्या होतील, त्यांत काही निघणार नाही, आणि काही निघालं नाही म्हणजे तो अभिनयच होता हे बाबांना झक मारत कबूल करावं लागेल. हिशेब अगदी चोख होता. फक्त पाठ ठणकत होती आणि ती बाबांपासून लपवायची होती.

सकाळी घराने त्याचा ताबा घेतला. दादाने स्कूटरची किल्ली खिशात घातली आणि गाडी चालवायची नाही असा दम भरला. बायकोने मोबाईलवर लक्षणं वाचून काढली आणि ती वाचताना तिला स्वतःलाच त्यातली निम्मी जाणवायला लागली. हिरो हल्ली पालथा का झोपतो, हे तिने सगळ्यांसमोर विचारलं. हिरोने सांगितलं, की भूमिकेची सवय आहे. भूमिकेत तर तू उताणा असतोस, असं दादा म्हणाला. बाबांनी दुकानातली सगळ्यात भारी गादी हातगाडीवर घालून घरी आणली आणि हिरोच्या अंथरुणावर टाकली. या गादीला हात लावायचा तर बाबा गिऱ्हाइकालासुद्धा हात धुऊन या म्हणत. हिरो त्यावर पडला तेव्हा पाठीला इतकं बरं वाटलं की त्याने डोळे मिटून सुस्कारा टाकला. तो सुस्कारा ऐकून आईने डॉक्टरांना फोन लावला.

घरचे डॉक्टर म्हातारे होते, हुशार होते आणि त्यांचा एकच दोष होता, तेही ती मालिका बघायचे. त्यांनी नाडी बघितली, रक्तदाब घेतला, जीभ बाहेर काढायला लावली. सगळं ठणठणीत आहे म्हणाले.

"कालच्या भागात त्या डॉक्टरांनाही आधी असंच वाटलं होतं," आई म्हणाली.

आपली त्या देखण्या पोराशी तुलना व्हावी हे डॉक्टरांना आवडलं नाही, पण मुद्दा बरोबर होता हेही त्यांना पटलं. त्यांनी शर्ट काढायला सांगितलं. हिरोने थंडी वाजते म्हणून नकार दिला. थंडी वाजते हे ऐकून बायकोने मोबाईल पुन्हा उघडला. डॉक्टरांनी शर्टावरूनच छाती ऐकली आणि त्याला सरळच विचारलं, की अरे, तूच काम केलंयस, तर त्या धावपटूला शेवटी काय निघतं ते तुला ठाऊकच असेल.

हिरोला ठाऊक नव्हतं. त्याला दिलेल्या कागदांवर फक्त 'पेशंट कण्हतो' आणि 'पेशंट बेशुद्ध' एवढंच होतं. ज्या दृश्यात तो डॉक्टर आजार समजावून सांगतो, त्यात हा बेशुद्ध होता, आणि बेशुद्ध माणसाने कान देऊन ऐकू नये म्हणून त्याने मन लावून ऐकलं नव्हतं.

"मग आजचा भाग बघू आणि ठरवू," डॉक्टर म्हणाले आणि बॅग उचलून निघाले.

आजचा भाग हीच तर हिरोची पंचाईत होती. ही मालिका म्हणजे तव्यावरून थेट ताटात असा कारभार, आज शूट केलं की उद्यापासून दाखवायचं, आणि हिरोचं सगळं काम दोनच दिवसांत उरकलं होतं. आदल्या दिवशी शूटिंगच्या वेळी शर्ट बदलताना दिग्दर्शकाला हिरोच्या पाठीवरचा डाग दिसला होता, काळा-जांभळा, तळहाताएवढा. दिग्दर्शकाला वाटलं मेकअपवाल्याने डोकं चालवलं. त्याने मेकअपवाल्याची पाठ थोपटली, मेकअपवाल्याने ती थोपटून घेतली, आणि तिथल्या तिथे एक दृश्य वाढवलं गेलं. डॉक्टर पेशंटला कुशीवर वळवतो आणि डाग बघून चमकतो. तो डाग आज घराघरांत दिसणार होता.

हिरोने दुपारपासून धडपड चालवली. त्याने टीव्हीची वायर काढून सोफ्यामागे टाकली, ती आईला झाडताना सापडली. रिमोटमधल्या बॅटऱ्या काढल्या, तर दादाने घड्याळातल्या काढून बसवल्या. शेवटी त्याने सगळ्यांना बाहेर जेवायला न्यायची टूम काढली. आजारी माणूस इतका आग्रह करतोय हे बघून आईचे डोळे भरून आले आणि तिने त्याला मध्यभागी, टीव्हीच्या अगदी समोर बसवलं.

डाग पडद्यावर आला तेव्हा पडदा भरून आला. मालिकेतला डॉक्टर चमकला, वाद्यं वाजली आणि भाग तिथेच संपला.

मग बायको उठली, मागून आली आणि तिने त्याचा शर्ट वर केला.

"मेकअप आहे तो," हिरो म्हणाला. "राहिलाय धुवायचा."

आईने ओलं फडकं आणलं आणि पुसायला सुरुवात केली. डाग जाईना. तिने साबण लावला. तरी जाईना. मेकअप चांगल्या प्रतीचा आहे, असं हिरो दातओठ खाऊन सांगत राहिला. मग दादाने भांड्याची घासणी आणली. त्या घासणीचा पहिला हात फिरला मात्र, आणि हिरोच्या तोंडून जो आवाज निघाला तो कालच्या भागातल्यापेक्षा सरस होता. घासणी हातात तशीच धरून दादा भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. आयुष्यभर धाकट्याची टर उडवली, आता ती परत कशी घ्यायची हे त्याला कळेना. बाबांनी डाग बघितला, शर्ट हलकेच खाली केला आणि ते आत निघून गेले.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं नाही.

हे दुकान हिरोच्या लग्नाच्या दिवशीही सकाळी उघडं होतं. शेजारचे दुकानदार घरी फोन करून विचारू लागले, की कोण गेलं. तो भाग बघून डॉक्टरांनी मोठ्या हॉस्पिटलची चिठ्ठी दिली होती, दुपारनंतर जायचं ठरलं होतं. आई आणि बायको पिशवी भरत होत्या, दादा गाडीची सोय बघायला गेला होता. हिरो त्या भारी गादीवर पालथा पडला होता. बाबा आत आले, दार लोटलं आणि पलंगाच्या कडेला बसले. त्यांच्या हातात एक उशी होती. ती ते उगाचच चापूनचोपून सारखी करत होते, पुन्हा दाबत होते, पुन्हा सारखी करत होते.

"मी विचार केला," ते म्हणाले. "तुला काय करायचं ते कर. नाटक कर, मालिका कर. दुकानाचं नाव मी काढणार नाही. नुसता उठून बस म्हणजे झालं."

हिरोला हवं होतं ते मिळालं होतं. गेली कित्येक वर्षं ज्यासाठी भांडण केलं ते बाबांनी आपण होऊन हातात आणून ठेवलं होतं. त्याला आनंद व्हायला हवा होता. पण त्याचं लक्ष बाबांच्या हातांकडे गेलं. इतके पक्के हात, कापसाचा गोळा नुसता हातात घेऊन वजन सांगणारे, आणि आता त्यांना साधी उशी धड धरता येत नव्हती. हिरोला स्वतःची इतकी लाज वाटली की पाठीचं दुखणं तो क्षणभर विसरला. हे असलं नटपण कोणाला पाहिजे, असं त्याला वाटलं.

"बाबा, मला काही झालेलं नाही," तो म्हणाला. "सेटवरच्या पलंगाची पट्टी वर आलीय. ती लागते."

मग त्याने सगळंच सांगून टाकलं. पहिली कळ, दिग्दर्शकाचं वा, परत पाठवलेला सुतार, तपासण्यांचा चोख हिशेब. शेवटी हेही सांगितलं, की अभिनय मी केलाच नाही, कळ आली म्हणून कण्हलो, तेव्हा उद्यापासून दुकानात येतो.

बाबांनी उशी बाजूला ठेवली. आता पायातली चप्पल हातात येते की काय असं हिरोला वाटलं, आणि ते योग्यच होईल असंही वाटलं.

"पहिल्या दिवशी शूटिंगवरून आलास," बाबा म्हणाले, "तेव्हा जेवायला माझ्यासमोर बसला होतास. त्या लाकडी खुर्चीत."

"हो."

"टेकून."

"हो."

"ही एवढी पाठ घेऊन टेकून बसलास, पाय पसरलेस, वर आणखी दादाशी थट्टा केलीस. दुसऱ्या दिवशी टीव्ही बघताना परत तेच. आणि मी समोर बसून तुझ्याकडे बघत होतो."

बाबांनी त्याच्याकडे असं बघितलं, जसं त्यांनी आजवर फक्त उत्तम कापसाकडे बघितलं होतं.

"कण्हणं कोणालाही येतं," ते म्हणाले. "दुखत असताना सुखात असल्यासारखं दिसायचं, तेही माझ्यापुढे. मला पत्ता लागला नाही. मला. तू नट आहेस रे."

हिरोला वाटलं आपल्याला रडू येणार, आणि आलंही. या वेळी कुठली पट्टीबिट्टी नव्हती. त्याने बाबांचा हात धरला. बाबांनी तो धरू दिला, आणि दाराबाहेर कान लावून उभ्या असलेल्या आईला सांगितलं, की पिशवी रिकामी कर आणि डॉक्टरांना कळव, निदान झालंय. आईने आधी देवाचे आभार मानले, मग आत येऊन हिरोच्या पाठीत एक धपाटा घालायला हात उचलला आणि पाठ बघून तो गालावर फिरवला.

ती गेल्यावर बाबा घसा खाकरून म्हणाले, "दुकानाचं नाव मी काढत नाही. शब्द म्हणजे शब्द."

"हो बाबा."

"पण एक काम आहे. रोल म्हण."

हिरो कोपरांवर उठला. बाबांनी समजावून सांगितलं. दुकानात मधोमध एक पलंग आहे. गिऱ्हाइकाला दाखवायला त्यावर दादा पडतो. पण दादा पडला की गिऱ्हाइकाला वाटतं, याला आता उचलायला माणसं बोलवावीत. त्यामुळे काथ्याच्या कडक गाद्यांचा सगळा माल पडून आहे. पाठीला लागतात, खोटं कशाला बोला. पण कडक गादीनेच कण्याला बरं, ते गिऱ्हाइकाला पहिल्या मिनिटाला कळत नाही. तेव्हा असा माणूस पाहिजे, की जो त्या गादीवर पडेल, पाठीत काहीही होवो, आणि तोंडावर असं सुख दाखवेल की बघणाऱ्याला वाटावं, आपणही पडावं. असा माणूस बाबा केव्हापासून शोधत होते.

"तुम्हीच म्हणालात ना मी नट आहे," हिरो म्हणाला.

"म्हणूनच."

हिरोने खिडकीबाहेर बघितलं. त्याच्या डोळ्यांसमोरून कॅमेरे, दिवे, खुर्चीतून उठून उभा राहिलेला दिग्दर्शक असं सगळं गेलं. मग तो बाबांकडे वळला. शेवटी तो नट होता, आणि नटाने जे विचारायचं तेच त्याने विचारलं.

"संवाद आहेत?"

बाबांनी हा विचार केला नव्हता. त्यांनी तो आता केला, अगदी मन लावून.

"एक आहे," ते म्हणाले. "अहाहा."

हिरो त्या गादीवर उताणा झाला. ठणकती पाठ त्याने पुरती टेकवली, हात डोक्याखाली घेतले, डोळे अर्धवट मिटले आणि म्हणाला, "अहाहा."

बाबा मान तिरकी करून बघत होते.

"जरा कमी कर," ते म्हणाले. "गिऱ्हाईक भाव विचारायच्या आधीच झोपेल."

हिरोने मान हलवली, चेहरा पुसून कोरा केला आणि पुन्हा सुरुवातीपासून आडवा झाला.